अर्ध्या किलोचा बहुरूपी

त्याला स्वतःचा चेहरा नाही. पुढून पाहावं तर गुळगुळीत पांढरं प्लास्टिक, कोपरे गोल केलेले, आणि कडेला चार बारीक काळे ठिपके. ते त्याचे कॅमेरे. मागून पाहावं तर दोन भिंगं, त्यांच्याभोवती काळ्या फोमची गादी आणि डोक्यामागून घ्यायचा पट्टा. वजन अर्धा किलो. टेबलावर पडून असला की कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्याच्या तोंडावर चढला की मात्र त्याच्या अंगात येतं.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट हे त्याचं कागदोपत्री नाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला माझ्या आतेभावाच्या घरी तो दिवाळीत आला, आत्याच्या पुण्याला नोकरी करणाऱ्या नातवाच्या बॅगेतून. घरातल्या पोरांनी त्याला ‘व्हीआर’ म्हटलं, सुनांनी ‘चष्मा’, आणि आत्याने ‘खोकं’. मी त्याला बहुरूपी म्हणतो.

कापूस घरात यायच्या दिवसांत आमच्याकडे बहुरूपी यायचे. दारात अचानक फौजदार उभा. खाकी कपडे, शिट्टी, हातात वही आणि आवाजात जरब: तुमच्यावर वॉरंट आहे, चला ठाण्यावर. घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक की हा खरा फौजदार नव्हे. तरी पहिल्या क्षणाला छातीत धस्स व्हायचंच. मग हसू, मग चार गमतीच्या शिव्या, मग सुपातून धान्य. त्या माणसाच्या धंद्यात दोन गोष्टी साधाव्या लागत. सोंग असं वठलं पाहिजे की समोरचा दचकेल, आणि ते सोंग आहे हे थोड्या वेळात त्याला कळलंही पाहिजे. ते कळलं नाही तर मार खायची वेळ. आमच्या पांढऱ्या पाहुण्याचं पोट याच दोन गोष्टींवर आहे. म्हातारपणी तोल सुधारायला त्याचा उपयोग करतात तिथे तर दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

त्याची युक्ती तशी जुनी. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांची मिळून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच आरशांचं यंत्र मांडून दाखवलं होतं. नवी गोष्ट एवढीच की हे चित्र मानेबरोबर वळतं. डोकं डावीकडे केलं की आतलं जग उजवीकडे सरकतं, वाकलं की जमीन जवळ येते. हे सगळं सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात, म्हणजे सुमारे २० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. उशीर झाला की पोटात ढवळतं. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलंडने पहिल्यांदा असं डोक्यावरचं यंत्र केलं तेव्हा ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. माणसाने त्याच्याखाली जाऊन डोकं अडकवायचं. त्या टांगलेल्या अवजाराला लोक ‘डॅमोक्लिसची तलवार’ म्हणायला लागले, यात नवल नाही. पुढे बरीच वर्षं हे कुळ प्रयोगशाळांत आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणात वावरलं. २०१२ मध्ये ‘ऑक्युलस’ नावाच्या छोट्या कंपनीने लोकवर्गणीतून स्वस्त हेडसेट काढायला घेतला, दोन वर्षांत फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घेतली, आणि बहुरूपी दारोदार फिरायला मोकळा झाला. पोरांचे खेळ, बंदूकबाजी, गाण्याच्या तालावर ठोकळे फोडणं. म्हाताऱ्यांशी त्याचा संबंध यावा असं त्याच्या जन्मदात्यांच्या मनातही नव्हतं. त्याच्या पेटीतलं सूचनापत्र वाचा. गरोदर बायका, हृदयविकार असलेले आणि वृद्ध यांनी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, असं कंपनीच लिहिते.

मग हा म्हाताऱ्यांच्या वाटेला गेला कसा?

माणूस दोन पायांवर उभा राहतो ते तीन ठिकाणच्या खबरीवर. कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कुठे वळलं ते त्या सांगतात. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. जमिनीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते त्यांच्यामुळे कळतं. दुसरी खबर तळपाय, घोटे आणि गुडघ्यांची. तिसरी डोळ्यांची. तिन्ही जुळतात तोवर आपण उभे आहोत हे आपल्या ध्यानातही नसतं. त्या जुळेनाशा झाल्या की कुणावर तरी जास्त विश्वास टाकावा लागतो, आणि माणूस बहुधा डोळ्यांवर टाकतो.

किती टाकतो हे १९७४ मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरॉन्सन यांनी दाखवलं. त्यांनी एक खोली केली. जमीन पक्की, भिंती आणि छत सरकणारं. नुकतीच उभी राहायला शिकलेली मुलं तिच्यात उभी केली आणि समोरची भिंत हळूच त्यांच्याकडे सरकवली. पायाखालची जमीन तसूभर हलली नव्हती. तरी मुलं डुलली, काही मागे धपकन बसली. भिंत जवळ येते आहे म्हणजे आपणच पुढे कलतो आहोत, असं डोळ्यांनी ठरवलं. शरीराने लगोलग मागे रेटा दिला आणि मूल आपटलं. मोठी माणसं अशी पडत नाहीत, पण डुलतात तीही. बहुरूप्याचं सगळं भांडवल त्या खोलीत आहे. त्याने फक्त ती खोली अर्ध्या किलोत बसवली.

उतारवयात हे लहान मुलाचं वागणं परत येतं. कानातल्या संवेदी पेशी वयाबरोबर कमी होतात. तळपाय मुके होत जातात, मधुमेह असला तर लवकर. मग सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि नेमके त्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागलेला. ‘बाई न्हाणीत पडली’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांतून ऐकू येतं! दोष बहुतेक वेळा शेवाळाला नाही तर ओल्या फरशीला दिला जातो. तो खोटाही नसतो. पण न्हाणीत आणखी एक गोष्ट घडते. तोंडाला साबण लावून माणूस डोळे मिटतो. ज्याचे पाय आधीच मुके झाले आहेत त्याचा शेवटचा साक्षीदार त्या क्षणी गप्प होतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरित्झ रोम्बर्गने हीच खूण टिपली: पाय जुळवून उभं राहा, आता डोळे मिटा, जो डुलायला लागतो त्याच्या पायांकडून खबर येत नाही. आजही डॉक्टर ही परीक्षा घेतात. ती रोम्बर्गच्याच नावाने ओळखली जाते.

आत्या पडली ती अशीच, डोक्यावरून पाणी घेताना. हाड मोडलं नाही, मनगटावर निभावलं. पण त्यानंतर तिने चालणंच आवरतं घेतलं. वावरात जाणं बंद, शेजारी जाणं बंद, सपरीतल्या खुर्चीवरून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून खुर्ची. हाडापेक्षा हे वाईट. भीतीने माणूस बसतो, बसल्याने मांड्यांतली ताकद जाते, ताकद गेली की पुन्हा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून मरतात, आणि त्यांत सर्वांत जास्त साठीच्या पुढची. पडल्याच्या धसक्याने खुर्चीला चिकटलेली माणसं या मोजणीत येत नाहीत.

तर दिवाळीतल्या त्या सकाळी नातवाने आजीला बहुरूप्यासमोर उभं केलं. मी पाहत होतो. आत्याचा पदर डोक्यावरून खाली आला, अंबाड्यामुळे पट्टा नीट बसेना, खोबरेल तेलाने तो घसरायचा. तिचा जाड चष्मा आत मावेना. तो काढला तर दिसेना. शेवटी चष्म्यासकट, थोडं दाबून, जमलं. मागे खुर्ची, डाव्या बाजूला सून, उजवीकडे आतेभाऊ. नातवाने आत समुद्राचा तळ लावला होता. निळं पाणी, शेवाळं, मासे.

मी तोंडाकडे पाहत नव्हतो, तिथे पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी पायांकडे पाहत होतो. समुद्र आला त्या क्षणी तिच्या पायांच्या दहाही बोटांनी शहाबादी फरशी पकडायचा प्रयत्न केला. जोडव्यांची बोटं तर पांढरी पडली. टाचा किंचित उचलल्या गेल्या. गुडघे वाकले. उजवा हात हवेत खांब शोधायला लागला, आणि तो खांब होता त्या दिशेलाच शोधत होता, म्हणजे डोक्यात सपरी अजून शाबूत होती.

“अवो माय, सपरी कुठी गेली?”

“आजी, सपरी आहे तिथेच आहे. मी धरलंय तुला.”

“तू कुठी हायेस? मले तं मासेच दिसते.”

एवढा एक मासा अंगावर आला तेव्हा ती मागे गेली आणि खुर्चीत बसलीच. खोकं काढलं. घाम पुसला. सगळे हसले, तीही हसली, पण हात खुर्चीच्या दांडीवरून सुटला नव्हता. “खोटं हाये ना हे सारं?” तिने विचारलं. “मंग पाय काऊन कापते?”

हा प्रश्न फिजिओथेरपीच्या कुठल्याही परीक्षेत विचारण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी ती आपणहून उभी राहिली. भाऊबीजेपर्यंत ती रोज थोडा वेळ माशांत जाऊन आली. शेवटी शेवटी टाचा जमिनीला टेकलेल्या राहायला लागल्या. मोठा मासा आला तरी ती जागची हलली नाही. म्हणाली, “येऊ दे. कुठी चावते थो?” डोळे सांगत होते की पाणी हललं, मासा आला. पाय सांगत होते की फरशी आहे तिथेच आहे. तिने पायांचं ऐकलं. एवढ्याशा दिवसांत तिचा तोल सुधारला असं म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण काम कुठल्या दिशेने चालतं ते मला त्या टाचांत दिसलं. बहुरूपी खोटं बोलत राहतो, आणि ऐकणारा हळूहळू त्याला धूप घालेनासा होतो. पायांना पुन्हा विचारायची सवय लागते. ज्या दिवशी आजीबाई दचकायची थांबली त्या दिवशी याची मजुरी वसूल.

दचकवण्याचं माप मात्र माहीत असलेला माणूस शेजारी लागतो. इथेच घरची गंमत आणि दवाखान्यातलं काम यांत अंतर पडतं. फिजिओथेरपिस्ट आधी मोजमाप घेतात. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला १२ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर सावध व्हायचं. चौदा कामांची एक परीक्षा आहे, कॅनडातल्या कॅथरीन बर्गच्या नावाची, ५६ गुणांची. त्यात उठणं, बसणं, वाकून वस्तू उचलणं, मागे वळून पाहणं, एका पायावर उभं राहणं असं सगळं येतं. मग कमरेला पट्टा बांधतात, तो मागून धरतात, आणि मग सोंग सुरू. आधी बसून, मग उभ्याने, मग मऊ गादीवर उभ्याने. गादी कशाला? पायांची खबर मुद्दाम अंधूक करायला. कधी डोळ्यांना फसवायचं, कधी पायांना, म्हणजे तिन्ही खबरी आलटून पालटून वापरायची सवय राहते.

खरंच पडणं कमी होतं का, हा आपल्या कामाचा प्रश्न. त्याचं सर्वांत मोलाचं उत्तर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. अ‍ॅनाट मिरेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन अशा पाच देशांतली ६० ते ९० वर्षांची ३०२ माणसं घेतली. सगळी वारंवार पडणारी, बरीचशी पार्किन्सनची. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चालत्या पट्ट्यावर चालायचं. अर्ध्यांनी नुसतं चालायचं. उरलेल्या अर्ध्यांसमोर मोठा पडदा. कॅमेरा त्यांची पावलं टिपतो आणि ती पावलं पडद्यावर उमटतात. त्या पडद्यावरच्या वाटेत अडथळे येतात, ते ओलांडायचे. वाटा फुटतात, त्यातली निवडायची. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी येतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं. पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब असा निघाला की नुसतं चालणाऱ्यांचं पडणं सहा महिन्यांत सरासरी १०.७ वेळांवरून ८.२७ वर आलं आणि पडद्यासमोर चालणाऱ्यांचं ११.९ वरून ६ वर.

आकडे बोलके आहेत, पण एक गोष्ट नीट पाहा. तिथे तोंडावर खोकं नव्हतं. पडदा होता, आणि पडद्यावर स्वतःची पावलं दिसत होती. तोंडावर चढणारा आमचा बहुरूपी नेमकी पावलंच लपवतो. चष्मा लावून खाली पाहिलं की समुद्राचा तळ दिसतो, पाय नाहीत. उतारवयातला माणूस तर सारखा खाली पायांकडे बघत चालतो. त्याचे पायच काढून घेतले की जे भय तयार होतं ते काहींना उपयोगी पडतं, काहींना नको होतं. त्या मानाने निन्टेन्डोची ‘वी’ नावाची खेळाची पेटी साधी होती. २००७ मध्ये तिच्याबरोबर उभं राहायची एक फळी निघाली. चार कोपऱ्यांना दाब मोजणारे कान, आणि आपला भार कुठे पडतो ते समोरच्या टीव्हीवर. गरीब स्वभावाची ती. जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत तिने बरीच वर्षं इमानाने चाकरी केली. तिला कुणी बहुरूपी म्हटलं नसतं.

आणि हेही सांगून टाकतो: या सगळ्याशिवाय, नुसत्या व्यायामानेही पडणं कमी होतं. २०१९ मध्ये कॉक्रेनच्या समीक्षकांनी १०८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नेमाने व्यायाम करणाऱ्या वृद्धांचं पडणं २३ टक्क्यांनी घटलं होतं. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठबस करायला कुठलीही बॅटरी लागत नाही. बहुरूप्याची जमेची बाजू वेगळी. व्यायाम करायला सांगितला तर आत्या ‘उद्या’ म्हणते, आणि मासे पाहायला बोलावलं की पदर खोचून उभी राहते.

कळंबात त्याचं निभेल का? माझ्या मते गाव त्याला थोडं अवघड जाईल. आमचा देवच मुळी खाली आहे. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, आणि दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. पायऱ्या चढताना दम लागतो, पण माणसं पडतात बहुधा उतरताना. उतरताना सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि दुसरा पाय हवेत पुढची पायरी चाचपत असतो. त्यात दोन्ही हातांत पूजेचं ताट धरलेलं, म्हणजे पावलं दिसत नाहीत. त्यात वाचायचं भिंग खाली बसवलेला द्विभिंगी चष्मा. खाली पाहिलं की पायरीची कड पुसट. आत्याची संकष्टी पडल्यापासून घरूनच होते, त्याचं कारण या तीन ओळींत आलं.

देवळाबाहेर आलं की तुळजापूर-नागपूर महामार्ग, ३६१ क्रमांकाचा, चौपदरी. तो ओलांडायला नुसता तोल पुरत नाही, येणारा ट्रक किती वेगात आहे तेही डोळ्यांनी मापावं लागतं. एसटीने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला. बसची पहिली पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, डब्यात चढायचं तेच दुखणं तिथेही. आणि वावर? पऱ्हाटीच्या तासातून कंबरेला कापसाची ओटी बांधून चालणाऱ्या बाईचा तोल पाहा. पोटापुढे वाढत जाणारं वजन, पायाखाली ढेकळं, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. धुऱ्यावरून चालायचं तर एका पावलापुरती वाट. या बायकांनी आयुष्यभर जो व्यायाम केला तो साठीनंतर, घर पक्कं झाल्यावर आणि फरशी गुळगुळीत झाल्यावर, एकदम थांबतो.

यातलं काहीही बहुरूप्याच्या पोतडीत नाही. त्याच्याकडे बर्फावरची घसरण आहे, परदेशातल्या दुकानांच्या रांगा आहेत, अवकाश आहे, समुद्राचा तळ आहे. एसटी स्टँड नाही. धुरा नाही. चिंतामणीच्या पायऱ्या नाहीत. माझं भांडण आहे ते याच्याशी. फसवायचंच तर ओळखीच्या जागी फसव. ज्या पायरीवर पाय थरथरतो ती पायरी दाखव, दहा वेळा उतरव, पडू दे पण लागू देऊ नकोस. त्यासाठी फार मोठं विज्ञान लागत नाही. सभोवार चित्र टिपणारा कॅमेरा घेऊन कुणी तरी सकाळी देवळात उभं राहायला हवं.

हे काम करू शकणारी माणसं फार लांब नाहीत. कळंबहून वर्धेकडे निघालं की देवळी ओलांडून सावंगी (मेघे) लागतं. तिथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्याच आवारातल्या रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालयातले शिक्षक-विद्यार्थी पुनर्वसनात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी वापरून पाहतात, त्यावर निबंध लिहितात. म्हणजे बहुरूपी आमच्या मुलखात येऊन पोचला आहे, तासाभराच्या वाटेवर. तरी आठवड्यातून तीनदा त्या वाटेने जायचं, सोबतीला एक माणूस न्यायचं, त्याची मजुरी बुडवायची, हा हिशेब कापूस वेचणीच्या दिवसांत कोणत्या घराला परवडतो ते मला ठाऊक आहे.

पैशांचंही बोलू. ६५ च्या पुढच्या गरजू माणसांना चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, घडीचा वॉकर असलं काही घ्यायला राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ काढली. खात्यात एकदाच ३,००० रुपये. बहुरूप्याची किंमत याच्या दहापटीच्या घरात. काठी खोटं बोलत नाही, तापत नाही, तिला वायफाय लागत नाही आणि ती विस्तवाशेजारी ठेवली नाही तर दहा वर्षं जाते. हा मात्र दोन-तीन तासांत चार्जिंगला लागतो, मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात आधी स्वतः तापतो आणि मग ‘थंड जागी ठेवा’ म्हणून बंद पडतो. सगळं वजन नाकापुढे असल्याने मान खाली ओढतो. मानेचा मणका झिजलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना आधीच चक्कर आहे त्यांना कधी कधी उलटीपर्यंत नेतो. फोमची गादी एकाच्या घामाने ओली, तीच दुसऱ्याच्या तोंडाला. दवाखान्यात ती दर वेळी पुसावी लागते.

आणि गंमत अशी की म्हाताऱ्यांना सांभाळायला निघालेला हा गडी स्वतः फार लवकर म्हातारा होतो. याच्याच घराण्यातला पहिला ‘क्वेस्ट’ २०१९ मध्ये बाजारात आला, आणि २०२३ मध्ये कंपनीने त्याला नवं काही द्यायचं थांबवलं. चार वर्षांत पेन्शनीत! आत्याची पितळी परात तिच्या सासूच्या लग्नातली आहे. दवाखान्याने आज घेतलेल्या यंत्रावर पाच वर्षांनी तो व्यायाम चालेल की नाही, हे दवाखान्याच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. सरकारी रुग्णालयांसाठी असली यंत्रं घ्यायचा विचार होईल तेव्हा खरेदीवाल्यांनी हे आधी विचारावं.

एवढं सगळं बोलूनही मला तो आवडतो. का ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाला आपण सगळे ‘जपून, जपून’ म्हणत बसवून ठेवतो. उठू नको, मी आणते. चढू नको, पडशील. हा एकटाच असा भेटला जो तिला म्हणाला, उठ, तुला घाबरवतो. आणि ती उठली. सूनबाईने धरलेला दंड भाऊबीजेच्या दिवशी तिने स्वतःच सोडवून घेतला: “सोड वं, मी का नवी नवरी हावो?”

नातू पुण्याला निघाला तेव्हा पेटीत फोम, तारा, हातात धरायच्या दोन्ही मुठी असं सगळं भरत होता. आत्या सपरीत उभी, खुर्चीला एकच हात.

“पुढच्या खेपेले आणशीन का हे?”

“आणतो ना, आजी. आणखी चांगले मासे आणतो.”

“मासे पाहून मी का करू? मले फुकटचा पास लागला, तं चढाची सोय नाई. त्याच्यात एसटी टाकून आन.”

नातवाने हातातली मूठ पेटीत ठेवली आणि मोबाइल काढला. “कोणती एसटी, आजी? वर्ध्याची की यवतमाळची?”

“कोनतीई चालन. पन कंडक्टर घाई करनारा टाक. तसाच रायते थो.”